मर्डॉकची पुंगी

आडवी लाट आली आणि होडी उलटली. मर्डॉकनं आधी सावरली ती टोपी.

‘लाटेला होडीचं नाक द्यावं, बगल देऊ नये,’ हे शहाणपण तो वायहोरा तळ्यावर शिकारीच्या दर हंगामात सगळ्यांना फुकट वाटायचा. पण त्यानं टिपलेलं बदक पडलं उजवीकडे. मग होडीही उजवीकडे वळली, पाण्यावर आमिष म्हणून सोडायच्या नकली बदकांच्या पोत्यांनी काठोकाठ भरलेली.

आता तो उलट्या होडीवर पालथा पडला होता. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी भरलं होतं. दक्षिणेचा बर्फाळ वारा हाडं फोडत होता. लाइफ जॅकेट काठावर, गाडीत होतं. सकाळी नोलीननं, त्याच्या बायकोनं, ते हातात कोंबलं होतं.

“नारिंगी घालू? बदकं काय आंधळी आहेत?”

“बदकांना दिसू नकोस रे बाबा. पण आम्हाला दिसशील का?”

तो हसला होता. होडी लव्हाळ्याच्या रंगाची, कोट लव्हाळ्याचा, तोंडाला चिखल. शिकारी असावा तर असा!

दुपारी जेवायला आला नाही, म्हणून त्याचे शिकारी दोस्त डेन्झिल आणि विरेमू मोठी होडी घेऊन शोधायला निघाले. ते मर्डॉकच्या अगदी जवळून गेले. त्यांना लव्हाळी दिसली. मर्डॉक ओरडायला गेला, पण गारठ्यानं आवाजच फुटेना.

गळ्यात पुंगी होती, बदकांना भुलवायची. पुंगी वाजवण्याच्या स्पर्धेचा जिल्ह्याचा चषक त्याच्याच घरी होता. डेन्झिलला तर तो भर पबमध्ये सुनावायचा, “लेका, तू पुंगी फुंकलीस की बदकं थेट ऑस्ट्रेलिया गाठतात!”

मर्डॉकनं सगळा जीव पुंगीत ओतला.

मोठ्या होडीचं इंजिन थांबलं. वाऱ्यावर विरेमूचे शब्द स्पष्ट आले, “वा! काय जातिवंत मादी आहे!”

“असू दे,” डेन्झिल म्हणाला. “आज बदक नको, मर्डॉक हवाय.”

होडी पुढे गेली. मर्डॉकला रडू आलं. उभ्या आयुष्यात इतकी सुरेख पुंगी त्यानं वाजवली नव्हती.

उजेड उतरायला लागला. परतीच्या वाटेवर होडी पुन्हा तिथून चालली. मर्डॉकचे ओठ बधिर झाले होते, दातावर दात आपटत होते. तरी त्यानं फुंकलं. बोकड शिंकावा तसा काहीतरी आवाज निघाला. जिल्ह्याच्या विजेत्याला मरता मरताही त्याची लाज वाटली.

विरेमूनं इंजिन बंद केलं. “हे कसलं रे बदक? आजारी दिसतंय.”

डेन्झिल कान देऊन ऐकत राहिला. मग एकदम ओरडला, “वळव होडी! बदक असं ओरडत नाही, लेका. असं फक्त मी ओरडतो. माणूस आहे तो!”