मधली तुकडी

भावाला किडनी द्यायची म्हणून सगुणाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. आता तिच्या मनाची तयारी बघायची होती. समुपदेशक दीप्तीने भावाला नि वहिनीला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"घरून जबरदस्ती नाही ना?"

"नाही. उलट रिपोर्ट जुळल्यापासून वहिनी मला सुरमईची मधली तुकडी वाढते. आधी शेपटी यायची. झोपायलाही मोरीजवळून पलंगावर आणलंय."

"नको असेल तर आत्ताच सांगा. आम्ही बाहेर फक्त 'अनफिट' म्हणू. खरं कारण कुणाला कळणार नाही."

सगुणा पायाच्या अंगठ्याने लादी घासत राहिली.

"मॅडम, अनफिट ठरले तरी रात्री मला कांदिवलीला भावाच्या त्याच खोलीत जेवायला बसायचंय."