पाटावरचा टोप

टोप पूजेत होता, म्हणून ओवी उघड्या डोक्यानं सायकल घेऊन गेली.

एरवी भैयालालनं जाऊच दिलं नसतं. तो तिरोडीच्या मँगनीज खदानीत कामाला. खदानीत डोक्यावर घालायचा आपला जुना पिवळा टोप त्यानं आतून चिंध्या लावून लेकीच्या मापाचा केला होता. टोपाशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही. शाळेतली पोरं 'आ गई खदानवाली' म्हणून ओरडायची, ओवी रडत घरी यायची. पण बापाचा हुकूम म्हणजे हुकूम.

आज दसरा. सब्बल, कुदळ ही खदानीतली हत्यारं पाटावर मांडताना ओवीच्या आईनं, विमलाबाईनं, यंदा तो टोपही मांडला. वर्षभर पोरीला जपतो, त्यालाही दोन अक्षता मिळाव्यात, एवढंच तिच्या मनात. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. अन् पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं, हे काय कुणी सांगावं लागतं? हार सायकललाही घातला होता म्हणा. पण ती अंगणात. ती पाटावर कुठं मावणार?

भैयालाल दुपारची झोप काढून बाहेर आला.

"सायकल कुठं हाय?"

"ओवी मावशीकडं सोनं द्याले गेली. येऊनच राह्यली असंल."

त्यानं वळून पाटाकडं पाहिलं.

"टोप त इथंच हाय."

"पूजेत हाय ना तो. एका दिवसानं काय होते?"

तो सरळ आत गेला आणि टोप उचलायला वाकला. विमलाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"अजी, उद्या उचला. सणाचा अपशकुन करू नोका. पोरीवरच येईल तो."

"पोरीसाठीच त उचलून राह्यलो. सोड."

ती सोडेना. ओढाताणीत पाट हलला, तांदूळ सांडले, दिवा कलंडून विझला. विझलेली वात पाहिली आणि विमलाबाईनं हात सोडला.

तेवढ्यात शेजारचा पुनाराम अंगणात आला. ओवीची सायकल त्याच्या हातात होती. हारातलं एक फूलही गळलं नव्हतं.

"रेल्वे फाटकापाशी गिट्टीवर घसरली," तो म्हणाला. "सायकलले काही नाही झालं."

"अन् पोरगी?" भैयालालनं विचारलं.

पुनारामनं सायकल भिंतीला लावली.

"डोकं रुळावर आपटलं. कानातून रक्त येऊन राह्यलं. लोकाईनं जीपमधी टाकून बालाघाटले नेली. हाका मारल्या भैया, पण ओ देत नाही."

भैयालाल टोप हातात घेऊन तसाच अनवाणी सडकेकडं पळाला. पुनारामही मागून धावला. विमलाबाई उंबऱ्यापर्यंत गेली अन् परत पाटापाशी येऊन बसली. माझ्यानं झालं, माझ्यानंच झालं, दुसरं काही तिला सुचेना. ती सांडलेले तांदूळ वेचून पाटावर ठेवायला लागली. दाणे पुन्हा खाली पडत होते. ठेव देवा. लुळी ठेव, मुकी ठेव, पण ठेव.

मागच्या गल्लीतली गोदाबाई नवं लुगडं नेसून दारात आली. सकाळी ती पूजा पाहून गेली होती; अपघाताचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं आपट्याची पानं पुढं केली.

"घ्या विमलाबाई, सोनं घ्या. सोन्यासारखं राहा."

मग तिला विझलेला दिवा दिसला.

"अवं, पूजा कोणं मोडली? टोप मांडलता ना तुम्ही, तो कुठं गेला?"

विमलाबाईनं पानं घेतली. मुठीत गच्च धरली.

"देवाच्या डोक्यावर काय पडणार होतं वं, गोदाबाई," ती म्हणाली. "मी पोरीचा टोप त्याले देल्ला."