मिटलेला कल्ला

माझी विद्यार्थिनी अवीनो टेबलाखाली सारखा पाय हलवत होती. केनियातल्या किसुमू शहराच्या मासेवाल्या बायकांसाठी तिने वेबपान बनवलं होतं. ते वापरायचं की नाही, हे बायका आजच ठरवणार होत्या. चित्रातल्या तिलापिया माशावर माउस नेला की ताजेपणा दाखवणारा लालभडक कल्ला उघडायचा आणि फोन नंबर दिसायचा. बायकांनी मात्र आपापले मोबाइल काढले. त्यांच्याकडे माउस कुठला? त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी माशावर बोट फिरवलं, तर पानच सरकलं. "अगं पोरी, कल्ला मिटलेला मासा फुकट तरी कोण नेईल?" सगळ्या हसल्या. "गुरुजी, कॉम्प्युटरवर उघडत होता हो!" अवीनो रडकुंडीला आली. मी विचारलं, "तुझी आई बाजारात कल्ला कधी उघडून दाखवते?" "गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच..." पाय थांबला. तिने माउस येईपर्यंत कल्ला मिटून ठेवणारी कोडची एक ओळ खोडली. आता कल्ला उघडाच राहिला. अध्यक्षीणबाईंनी तो न्याहाळला, सवयीने मोबाइल हुंगला. "ताजा आहे. घ्या गं."