मोहनरावांचं रामेश्वर

उपाध्यायांनी तांबडं फडकं सोडून वही बाहेर काढली, तेव्हा दिंद्रुडच्या मोहनरावांना वाटलं, रामेश्वरला समुद्र आहे ते एक बरं आहे. वेळ आली तर उडी टाकता येईल.

वहीत पिढ्यान्‌पिढ्यांचे यात्रेकरू होते. मुलूख, परगणा, गाव, नाव. आलेल्या माणसाचं नाव उतरवून घेतल्याशिवाय उपाध्याय त्याला हलू देत नसत.

"मालकाचं अठरा वर्सांमागचं नाव काढा," मोहनरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई मांडी घालून बसत म्हणाल्या. "त्याच्याखाली माझं लिवा." तेवढ्यासाठी त्या निजामाच्या मुलखातून गाड्या बदलत इथवर आल्या होत्या.

अडचण एवढीच, की मोहनराव रामेश्वरला पूर्वी कधी आलेच नव्हते.

अठरा वर्षांमागं ते आणि त्यांचा जिवलग बंकट घरून निघाले होते खरे. परभणीला मोहनरावांनी जन्मात पहिल्यांदा आगगाडी पाहिली. ती ओरडली. मोहनराव मागं सरले, ते थेट स्टेशनासमोरच्या धर्मशाळेत जाऊन बसले. बंकट तेवढा चढला आणि खिडकीतून हात हलवत गेला. महिन्याने तो परतला, तोवर मोहनराव धर्मशाळेतच होते. परभणीहून बैलगाडीने येताना मोहनरावांनी त्याच्याकडून सगळं रामेश्वर वदवून घेतलं आणि गाव दिसेपर्यंत पाठ केलं. वेशीत लोक हार घेऊन उभे होते. बंकट जातीचा अबोल. "मोहनराव सांगतील," एवढंच तो म्हणाला. मोहनरावांनी सांगितलं. तेव्हापासून अठरा वर्षं ते पारावर रोज सांगत होते. वडवणीच्या बाजाराला निघालेली माणसंही वाट वाकडी करून ऐकायला थांबत.

ही यात्रा चंद्रभागाबाईंनीच काढली. सोबत बंकट आणि त्याची बायको केसरबाई. वाटाड्या अर्थात मोहनराव. परभणीला डब्यात चढताना बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. मोहनराव बायकोला आधार देताहेत, असं बघणाऱ्यांना वाटलं.

मंडपमला उतरून होडीत बसायचं, लाटा कडब्याच्या गंजीएवढ्या असतात, जीव मुठीत धरायचा, असं त्यांनी बायकांना वाटभर बजावलं होतं. गाडी मंडपमला थांबली आणि मग पुलावरून तशीच समुद्रात निघाली.

"हे नवं केलेलं दिसतंय," मोहनराव म्हणाले. अठरा वर्षांत रामेश्वराबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

पुढं तेवढंही जमेना. देवळाशी गर्जणारा समुद्र गावच्या तळ्यासारखा गरीब निघाला. म्हशी सोडल्या असत्या तर डुंबल्या असत्या. नंदी काळा आणि शेळीएवढा सांगितला होता. हा पांढरा होता आणि बैलगाडीत मावला नसता. कुंड एकच सांगितलं होतं. निघाली बावीस, आणि बावीसही ठिकाणी डोक्यावर पाणी ओतून घ्यावं लागलं. "मागनं खणली असतील," मोहनराव शिंकत म्हणाले. दुपार होईतो त्यांनी अख्खं देऊळ अठरा वर्षांत नव्याने बांधून काढलं होतं. अधूनमधून ते बंकटकडे डोळे वटारून बघत. पाठ करण्यात आपलं चुकलं, की याचं सांगण्यात? बंकट दरवेळी खांब मोजत असायचा.

आणि आता ही वही.

उपाध्यायांनी बोट ओलं करून पानं उलटली. दिंद्रुड सापडलं. एक म्हातारी, तिघं भाऊबंद, त्यांच्याही आधीचे कुणी कुलकर्णी. त्यांनी पान दोनदा वाचलं, मागचं-पुढचं पाहिलं आणि मान हलवली.

"त्या साली दिंद्रुडहून कोणीच आलेलं नाही," ते म्हणाले.

मोहनरावांनी समुद्राच्या बाजूचं दार कुठं आहे ते बघून घेतलं. केसरबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला.

"वही हुकली तुमची," त्या उपाध्यायांना म्हणाल्या. "अठरा वर्सं हे रोज सांगायलेत. एका शब्दाचा फरक न्हाई. खोटं माणसाच्या इतकं ध्यानात राहतंय व्हय?"

उपाध्यायांना ते पटलं. दक्षिणेचं ताट समोर असलं की पटायला सोपं जातं. एखादं पान वाळवीने नेलं असेल म्हणाले, आणि त्या सालच्या मोकळ्या जागेत त्यांनी ठळक अक्षरात दोन नावं घातली: मोहनराव, बंकट. खाली चंद्रभागाबाई. बाईंनी वहीला हात लावून तो कपाळाला लावला आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मोहनरावांना क्षणभर आपण खरंच येऊन गेल्यासारखं वाटलं.

बायका शंखशिंपले बघायला पुढं गेल्या. मोहनराव बंकटशेजारी वाळूत टेकले. सुटकेचा श्वास सोडला, तो अर्ध्यात अडकला. त्या साली दिंद्रुडहून कोणीच आलेलं नाही. कोणीच.

"बंकट," ते हळू आवाजात म्हणाले, "तू तर गाडीत बसलतास ना बे? म्या डोळ्यांनी बघितलं."



"पूर्णेला उतरलो," बंकट म्हणाला. "गाडी लई हलायलती. दुसऱ्या दिशी चालत माघारी आलो."

"आन् मग महिनाभर व्हतास कुठं?"

"तुमच्या मागल्याच गल्लीत. तिथल्या धर्मशाळेत एक बैरागी व्हता, त्यानं सांगितलं समदं." बंकटने अंगावरची वाळू झटकली. "दुपारचं तुमचं घोरणं ऐकू यायचं, म्हणून करमलं."