खुशालचं पोट

विमलानं विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवला आणि खुशालला पुन्हा पालथं घातलं. दीड वर्षाचं पोर, पोट नुसतं टणक झालेलं. सकाळपासून ते कुंथत होतं, लालबुंद होत होतं, पण होत काही नव्हतं.

तिची थोरली जाऊ धुरपता ओसरीत तांदूळ निवडत होती. म्हणजे हात निवडत होते, डोळे दारातून आतल्या पोरावरच होते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत विमला चिखलात राबायची, तेव्हा हे पोर धुरपताकडेच असायचं. ती पाय लांब करून त्याला पावलांवर बसवायची, काहीबाही गप्पा मारायची, की त्याला निमूटपणे शी व्हायची. रोवणी संपली, आईनं लेकरू परत घेतलं, आणि तेव्हापासून हे असं.

सकाळीच धुरपता पुढे झाली होती. सासूनं, चंद्रभागाबाईनं अडवलं. "मायच्या हातानंच होऊ दे. दुसऱ्याचा हात कायले?"

दुसऱ्याचा! धुरपताची कूस उजवली नव्हती, टोमणे सवयीचे होते, पण हा शब्द काळजात रुतला. आता देठानं काही होऊ नये असंच तिला वाटत होतं. खरंच वाटत होतं. पोर कळवळलं की तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि विमलाचा रडवेला चेहरा पाहून पुन्हा बरं वाटे.

शेवटी विमला पोराला घेऊन ओसरीत आली. सासूकडे तिनं पाहिलंच नाही.

"बाई, तुमीच बसवा. माह्याजवळ नाई होऊन राहिलं त्याले."

धुरपतानं सूप सारलं आणि पाय लांब केले. खुशालनं तिचे दोन्ही अंगठे घट्ट धरले. ती हळूहळू बोलत राहिली, पोटावरून हात फिरवत राहिली. आधी एक खडा पडला, मग सगळं मोकळं झालं. सासू हसली, विमला रडली.

पोर हलकं झालं. त्यानं मान वळवली, आईला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. विमलानं त्याला झडप घालून उचललं आणि धुवायला मागच्या दारी पळाली. मागून त्याचं खिदळणं ऐकू येत होतं.

"ऊठ, पाय धू," सासू म्हणाली.

"धुवीन ना. घाई कायची हाय?"

भरलेले पाय तसेच लांब ठेवून धुरपता बसून राहिली.