भिंतीवरचा दणका

भिंतीवर दणका बसला, तसा म्हाताऱ्या कुलूपवाल्याने वाचनाचा आवाज खाली आणला. पुन्हा दणका. त्याने आणखी खाली आणला. तिसरा दणका असा बसला, की खुंटीवरची टोपी खाली पडली.

"कळलं बाई, कळलं," तो भिंतीकडे बघून पुटपुटला आणि पवित्र शास्त्र मिटून ठेवलं.

आज तसंही त्याला पुढे वाचवत नव्हतं. वाट चुकलेल्या मुलाची गोष्ट चालली होती. घर सोडून गेलेला पोरगा परत यायला निघतो, अजून लांबच असतो, आणि बापाला तो दिसतो. इथे आलं की कुलूपवाल्याचा आवाज दर वेळी कापायचा. त्याचा स्वतःचा मुलगा परदेशात होता. रविवारी संध्याकाळी फोन करायचा, "बरे आहात ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "चला, ठेवतो" म्हणायचा.

सकाळी मोठ्याने शास्त्र वाचायचं, हे सुरू झालं बायकोसाठी. तिला दिसत नव्हतं. ती गेली, सवय मागे राहिली. आता रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवायचं, झालं. मनातल्या मनात वाचलं की घर खायला उठायचं.

पलीकडच्या घरात नर्स राहायला आली आणि हे दणके सुरू झाले. एक पेटी घेऊन आली होती बिचारी. सोडायला कुणी नाही, नंतर भेटायला कुणी नाही. तिला कायमची रात्रपाळी. सकाळी दमून यायची, डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडे म्हाताऱ्याचं वाचन चालू! कुणाचंही डोकं फिरेल. मध्यंतरी जिन्यात गाठ पडली, तेव्हा तिने विषय काढलाही होता.

"काका, सकाळी तुमचा आवाज—"

"माहीत आहे बाई, माहीत आहे. यापुढे त्रास होणार नाही."

"अहो, ऐका तरी!"

पण ऐकायला थांबतोय कोण? मान खाली घालून तो सटकला होता.

त्या रविवारी, ते तीन दणके खाऊनच तो चर्चला गेला. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "आपण शास्त्र कसं वाचतो? गाडी सुटायला आल्यासारखं! एकच ओळ घ्या. तिच्यात राहून बघा." ओळही त्यांनीच दिली. प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जावं आणि दार लावून घ्यावं.

ओळ पाठ होती त्याला. पण तिच्यावर विचार म्हणून कधी केला नव्हता. चव्हाट्यावर उभं राहून देवाला हाका मारणाऱ्यांतलेच की आपण! त्यात शेजारणीच्या झोपेचं खोबरं. त्याला मनापासून लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्याने दूध घेतलं आणि बाहेरचं दार नुसतंच लोटलं. बायको असती तर म्हणाली असती, "जगाला कुलपं लावून देता आणि आपलं दार सताड उघडं!" मग शास्त्र काखेत धरून तो स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत शिरला. खिडकी नाही, एक दिवा तेवढा. शब्दाला जागून त्याने दार ओढून घेतलं.

बाहेर काहीतरी टणकन पडलं.

दाराची मूठ. ती ढिली होती, 'बसवू उद्या' म्हणत राहिली होती. आतल्या बाजूची तर कधीच गेली होती. गावभरची दारं उघडून देणारा माणूस स्वतःच्या अडगळीत अडकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! हत्यारं पुढच्या खोलीत, फोन टेबलावर. बरं तर बरं, दूध गॅसवर चढवलं नव्हतं.

त्याने हाका मारल्या, दार बडवलं. घसा बसला, पण कुणी आलं नाही.

मग तो एका डब्यावर बसला आणि हिशेब मांडू लागला. दूधवाला उद्या पिशवी ठेवून निघून जाईल. मुलाचा फोन थेट रविवारी. उचलला नाही तर म्हणेल, झोपले असतील. चर्चमध्येही रविवारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर पाण्यावाचून काय उरणार आपलं?

त्याने शास्त्र उघडलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. हळू, एकेक शब्द. बंद दाराआडचंही देवाला दिसतं, असं पुढे लिहिलं होतं. दिसत असेल, त्याबद्दल शंका नाही. पण बाहेरून मूठ बसवायला माणूस लागतो, आणि आपल्याला माणूसच उरलेलं नाही. आपण नाही म्हणून कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, असं एक घर नाही. म्हातारा लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात लांबून आवाज आला. धप्प! पुढच्या खोलीची भिंत. पुन्हा, धप्प!

"आज तर एक ओळही मोठ्याने वाचली नाही!" तो संतापून उठला.

भिंत थांबली. मग बाहेरच्या दारावर थापा पडल्या. दार करकरलं.

"काका? अहो काका!"

"इकडे, मागे!" त्याचा आवाज कसाबसा फुटला. "मूठ पडलीये बघा खाली. ती भोकात घाला आणि फिरवा!"

खुडबूड झाली आणि दार उघडलं. समोर नर्स उभी. अंगावर ड्यूटीचेच कपडे, डोळे लाल.

त्याने हात जोडले. "माफ करा बाई. पुन्हा तुमची झोपमोड झाली. उद्यापासून मनातच वाचत जाईन."

"मनात?" ती कडाडली. "भिंत बडवून बडवून माझे हात दुखायला लागले, आणि तुम्ही म्हणे मनात! ऐकू येत नाही, जरा मोठ्याने वाचा, हे माणसाने आणखी कसं सांगायचं?"

मग ती समोरच्या डब्यावर मटकन बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"रात्रभर कामात लक्ष नव्हतं माझं. काल ते पोरगं लांबून दिसलं आणि तुम्ही गप्पच झालात. खरं सांगा काका, घेतलं का हो बापाने त्याला घरात?"