वन्संचं वाण

अत्तराची कुपी उघडून चारुशीला नणंदेसमोर उभी राहिली. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका इकडेतिकडे हुंगू लागल्या. वास सगळ्यांना आला होता, आणि तो अत्तराचा नव्हता.

आठ वर्षं ती या क्षणाची वाट पाहत होती. तेव्हा हळदीकुंकू पोलादपूरला होतं, मैथिलीवन्संच्या घरी. शौनकच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांनी चिमटा लावून बाळ ओढलं, तेव्हापासून चारुशीलाचा खालचा ताबा गेला होता. शिंक आली की धास्ती, जिना चढला की धास्ती. त्या दिवशी घात झालाच. वन्सं अत्तर लावायला आल्या, तिने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला आणि भरल्या घरात म्हणाल्या, "वहिनी, तुला हाताला लावून काय उपयोग? अत्तर मागंच फासायला हवं!"

घर हसलं. चारुशीला एसटीत जागा असूनही महाडपर्यंत उभ्याने आली.

पुढे दोन वर्षं ती कुणाच्या दारात गेली नाही. मग अक्षदा नावाची फिजिओथेरपिस्ट भेटली. "ताई, यात लाजायचं काय? स्नायू ढिले पडलेत, त्यांना कामाला लावू," ती म्हणाली. आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीस वेळा. जोडीला इसबगोल आणि ठरलेल्या वेळी संडास. चारुशीला आकडे मात्र मोजत नसे. मोजायला तिच्याकडे दुसरं काही होतं. वर्षभरात ती जिना बिनघोर चढू लागली.

आज वन्सं महाडला तिच्या घरी आल्या तेव्हाच तिने ओळखलं. वन्संनी मोरीजवळची खुर्ची धरली. चहाला नाही म्हणाल्या. पायाशी पिशवी, पिशवीत घडीची साडी. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. चारुशीलाला दया आली नाही, आनंद झाला. खोटं कशाला बोला?

वन्संनी हात पुढे केला. कापड्याहून आलेल्या एका म्हातारीने नाकाला पदर लावला.

"कसला गो वास हाय हा?"

सगळ्यांचे डोळे कुपीवर होते. ते वाक्य चारुशीलाच्या अगदी जिभेवर होतं, शब्दन्‌शब्द तोंडपाठ.

"मोरी तुंबलीय सकाळपासून," ती म्हणाली आणि तिने अत्तर वन्संच्या हाताला लावलं. "वन्सं, तुमचं वाण आत ठेवलंय. पिशवी घेऊन चला."

आतल्या खोलीत तिने कडी लावली. वन्संनी साडी बदलली आणि त्या पदरात तोंड घालून रडल्या. चारुशीलाने त्यांना पोटभर रडू दिलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. वारा अडवतो ना, तसं खालून आवळून धरा. दहा मोजेपर्यंत. दिवसातून तीस वेळा करायचं."

"एक... दोन..." वन्संनी डोळे पुसत सुरुवात केली.

"आकडे नकोत," चारुशीला म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी मला जे म्हणालात ना, ते वाक्य म्हणा. सावकाश म्हटलं की बरोबर दहा भरतात. मी त्याच्यावरच बरी झाले."